कर्ली खाडीत गरवणं: चोणक, तांबोशी, मुडदुशी आणि बाकीची मंडळी

खारवारा
नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली आणि मी पुणं सोडून गावी येऊन राहिलो, घर कर्ली खाडीच्या काठावर, वालावलपासून थोडं खाली. लहानपणी मे महिन्यात काकांबरोबर गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला जायचो तेव्हा बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी), गरी (हुक) आणि नारळाच्या करवंटीत काडू (गांडुळं) एवढंच सामान असायचं. आता रॉड रील सगळं घेतलंय आणि आठवड्यातून तीनदा तरी संध्याकाळी पाण्यावर असतो. माशांच्या पाककृतींचे धागे ढीगभर आहेत पण मासा पाण्यात कसा राहतो, कुठे बसतो, कधी खातो यावर खाडीपुरतं एका जागी काही सापडलं नाही म्हणून हे लिहायला घेतलं, तुम्ही पण भर घाला.

आधी खाडीबद्दल. नदी सह्याद्रीतून येते, कुडाळला तिला भंगसाळ म्हणतात आणि खाली आली की कर्ली. वालावल, नेरूरपार, कोरजाई करत देवबागला समुद्राला मिळते. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात गोडं लाल पाणी पार तोंडापर्यंत धावतं आणि एप्रिल-मे मधे उलट, खारं पाणी आत आत चढत येतं, आणि मासे त्या खाऱ्या पाण्याबरोबर वर-खाली करतात हे मला कळायला एक अख्खं वर्ष गेलं. मी एकाच खडकावर बसून राहायचो आणि मासे डिसेंबरात तिथून दोन किलोमीटर खाली असायचे.

आता मला काय काय मिळतं ते सांगतो. वाळूच्या पट्ट्यावर मुडदुशी. ही माझी सगळ्यात आवडती. बारीक गरी, छोटं शिसं, काडू किंवा सोललेल्या सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा, आणि पाणी भरायला लागलं की गुडघाभर पाण्यात उभं राहून पुढे टाकायचं. शिसं वाळूवरून हळूहळू ओढत आणायचं, थांबायचं, परत ओढायचं. मुडदुशी एकदम ओढत नाही, टक्, मग परत टक् टक्, असं बोटाला लागतं, म्हणून मी लाईन नेहमी तर्जनीवर धरतो. तिसऱ्या टक् ला हलकेच उचललं की ती असते. पाण्यातून वर येताना अंगावर चांदीसारखा पण जरा पिवळसर तजेला असतो, तो बादलीत टाकल्यावर पाच मिनिटांत जातो, तो रंग बाजारातल्या मुडदुशीला कधीच दिसत नाही.

खडक आणि पुलाचे खांब असतील तिथे पालू. त्याचे दाढेसारखे दात असतात, खांबावरची कालवं फोडून खातो, त्यामुळे छोटी कुर्ली (खेकडा) अर्धी करून लावली तर घेतो. कांदळाच्या मुळांपाशी तांबोशी आणि गोबरा. चिखलात शेंगटी, ती हवी असो नसो येतेच. काळुंद्री दिसते भरपूर, गरीला अजून एकही लागलेली नाही. शेवटे (बोय मासे) पाण्याबाहेर उड्या मारत असतात, ते चिखलावरचं शेवाळ खाणारे, गरीकडे बघत पण नाहीत.

आणि माझा खरा प्रश्न चोणकाचा. तीन वर्षांत चार मिळाले, सगळे किलोच्या आतले, सगळे सोडले. रात्री टॉर्च मारला की कांदळाखाली निखाऱ्यासारखे लाल डोळे दिसतात, म्हणजे मासा आहे. संध्याकाळी कुठेतरी पाण्यावर "बुफ्" असा पोकळ आवाज होतो, तो पण त्याचाच. ल्युअर (खोटं आमिष) टाकून टाकून हात दुखतो. कुठे चुकतंय?

पाणकावळा
माझा आजोळ वालावलाक, तेवा तुझी खाडी माझ्या पायाखालची हा. चोणकासाठी भरतेर जाव नको, सुकतेर जा. पाणी भरता तेवा बारकी सुंगटां, शेवट्याची पिल्लां सगळी कांदळात आत शिरतत, आणि पाणी सुकाक लागला का ह्या सगळा परत व्हाळाच्या तोंडातसून भायर येता. चोणक त्या तोंडार, खोल बाजूक, सावलेत उभो ऱ्हवता आणि वाट बघता. तेका धावाची गरजच नाय, खाणां तेच्या तोंडार येता. तू गरी जर मधल्या धारेत टाकतस तर ती फुकट. व्हाळाच्या तोंडाक टाक, जिती सुंगटां लाव, आणि गप ऱ्हव.

आणि उधाणाक जाव नको. अमाशे-पुनवेक पाणी गढूळ आणि वढ इतकी का शिसां ऱ्हवणा नाय. भांगाचे दिवस बघ, अष्टमी-नवमी. पाणी नितळ.

(ज्यांना मालवणी जड जाते त्यांच्यासाठी: चोणक ओहोटीला, लहान ओहोळाच्या तोंडावर, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीला, पाण्याची ओढ कमी असते तेव्हा.)

तिवरकाठ
मस्त धागा. मी पेण तालुक्यातला, आता ठाण्यात. आमच्याकडे चोणकाला जिताडा म्हणतात आणि तो नुसता मासा नाही, मान आहे. खारेपाटात शेतघराजवळ तळं असतं, त्यात खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्लं सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची, मग घरात लग्न ठरलं किंवा जावई पहिल्यांदा आला की तळ्यातून जिताडा काढायचा. माझ्या आजीच्या तळ्यात एक जिताडा इतका जुना होता की ती काठावर भांडी घासायला बसली की जवळ यायचा, तो कधीच कापला नाही तिने.

पाणकावळा म्हणतात ते अगदी बरोबर. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब पण सांगून ठेवतो, हल्ली सगळे मोबाईलवर बघतात पण आमच्या वडिलांना तिथी कळली की पाणी कळायचं. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते. हा हिशोब मोटामोटी आहे, आणि तो किनाऱ्याचा. खाडीत जेवढं आत जाल तेवढा उशीर धरायचा. तुम्ही वालावलजवळ असाल तर देवबागच्या तोंडावर पाणी सुकायला लागलं तरी तुमच्याकडे ते अजून भरत असणार, म्हणजे मोबाईलवरची वेळ बघून घरातून निघालात तर पहिला चांगला तास तुम्ही चुकीच्या पाण्यावर उभे असता. काठावर एक काठी रोवून दोन-तीन दिवस स्वतः बघा.

अजून एक फरक, मुंबई-ठाण्याकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तुमच्याकडे त्याच्या साधारण निम्मं. त्यामुळे आमच्याकडची गणितं तशीच्या तशी तुमच्याकडे चालणार नाहीत.

ठाणे खाडीबद्दल विचारणारे येतीलच. मी लहान असताना ओहोटीला चिखलात हात घालून निवट्या पकडणारे लोक रोज दिसायचे. निवट्याच्या बिळाला दोन तोंडं असतात, एकावर पाय ठेवायचा आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात. चिंबोऱ्या, बोय, कोळंबी सगळं मिळायचं. आता खाडीच्या काही भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मधे रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) पण नाव आलं, पक्ष्यांचं बरं झालं, मला त्याचा आनंदच आहे. पण सांडपाणी यायचं ते येतंच आणि त्या पाण्यातला मासा खावा असं मला वाटत नाही. मी रॉड घेऊन आता तिकडे जात नाही, गावी धरमतर खाडीला जातो.

मांडवीतीर
गोव्यातून. आमच्याकडे पण चोणकच म्हणतात, त्यामुळे खारवाराशी आमचं जमतं. इथे खाजन जमिनी आहेत, बांध घालून खाडीचं पाणी अडवलेलं, आणि त्या बांधाला मानस म्हणजे लाकडी दारं असलेली मोरी असते. भरतीला दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. त्या मानसीवर जाळं लावून मासे धरायच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो. मानसीच्या बाहेर जरा लांब गरवलं तर चोणक, तांबसो, शेवटो, काळुंदर सगळं असतं, पण लिलाव घेतलेल्या माणसाला विचारल्याशिवाय जवळ टाकू नये, भांडणं होतात आणि त्याचं बरोबर असतं, त्याने पैसे मोजलेत.

काळुंद्रीचं सांगतो. ती गरीला लागत नाही असं नाही, तुमची गरी मोठी आहे. तिचं तोंड इवलंसं. सगळ्यात लहान गरी, शिसं अजिबात नको, आणि मैद्याच्या पिठात खडकावरचं हिरवं शेवाळ कुस्करून त्याचा हरभऱ्याएवढा गोळा लावा. ती घेत नाही, चाखते. म्हणून मोराच्या पिसाच्या दांडीचा किंवा थर्माकोलचा बारका फ्लोट लावायचा आणि तो बुडायची वाट न बघता नुसता आडवा झाला तरी उचलायचं. केरळात हिलाच करीमीन म्हणतात, त्यांनी २०१० साली तिला राज्याचा मासा केलं. जोडी करून अंडी राखतात, नर-मादी दोघं पिल्लांबरोबर फिरतात, उथळ पाण्यात पिल्लांचा काळा पुंजका आणि त्याच्याभोवती दोन मोठ्या काळुंद्री दिसल्या तर तिथे गरी टाकू नका एवढी विनंती.

रीलवाला
सामानाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. आठ फुटी मीडियम रॉड, ४००० साईजचं स्पिनिंग रील, वीस-तीस पौंडी ब्रेड (विणलेली लाईन) आणि पुढे दीड-दोन फूट चाळीस पौंडी लीडर (टोकाला बांधायची जाड लाईन). लीडर चोणकासाठी हवाच, कारण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, नुसती ब्रेड त्याला घासली की संपलं. हात पण त्या कल्ल्यात घालू नका. मुडदुशीला हा रॉड वापरू नका, काही कळणारच नाही, तिला हलकाच हवा. जिवंत आमिष असेल तर सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) घ्या, तो माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, सोडायचा असेल तर मासा जगतो. फक्त झटका मारायचा नाही, नुसतं रील गुंडाळत जायचं. जुन्या सवयीने हात वर जातोच आणि सर्कल हुक निसटतो, त्याची सवय व्हायला महिना लागतो.

केर्न्सवासी
मी मूळचा रत्नागिरीचा, बारा वर्षं ऑस्ट्रेलियात केर्न्सला आहे. तुमचा चोणक, जिताडा, बंगाल्यांचा भेटकी आणि आमच्याकडचा बारामंडी, सगळा एकच मासा, लॅटस कॅल्कॅरिफर. बारामंडी हे नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा. इथे या माशावर लोक वेडे आहेत आणि अभ्यासही भरपूर झालाय म्हणून एक गोष्ट सांगतो जी गावाकडे मला कोणी सांगितली नव्हती.

हा मासा जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षं नर राहतो, आणि मोठा झाला की मादी होतो. किती किलोला होतो ते जागेप्रमाणे बदलतं पण चार-पाच किलोच्या पुढे मादी होण्याची शक्यता वाढत जाते आणि दहा किलोचा असेल तर ती जवळपास नक्की मादीच. एका मोठ्या मादीच्या पोटात अंडी लाखांनी असतात. म्हणजे बघा, खाडीत जे फोटो काढायला सगळ्यात भारी मासे, त्या सगळ्या माद्या, आणि त्या घालवल्या तर खाली उरतात ते नुसते नर.

दुसरं, अंडी गोड्या पाण्यात चालत नाहीत, खारट पाणी लागतं. म्हणून वर नदीत राहणारे मासे अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरतात आणि पिल्लं मग भरतीबरोबर कांदळवनात, खाजणात शिरतात. आपल्याकडे हे पावसाच्या सुरुवातीला होतं.

म्हणून इथे क्वीन्सलँडमधे नियम असा की ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० सेंटीमीटरपेक्षा मोठा पण ठेवायचा नाही. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हा मासा धरणं बंद, कारण इथला तो विणीचा काळ. लोक पाळतात. गाडीत मोजपट्टी असतेच.

पाणकावळा
केर्न्सवासी, हे वाचून दोन मिनिटं बसून राहिलो. आमचे आजोबा सांगायचे की लहान चोणकात गाभोळी (अंडी) कधी मिळत नाही, ती मोठ्यातच मिळते, ते फक्त तेवढंच सांगायचे, त्यामागचं कारण कोणाला माहीत नव्हतं.

गोबऱ्याचं उलट असतं असं कुठेतरी ऐकलंय, ते खरं का?

केर्न्सवासी
हो खरं. गोबरा आधी मादी असतो आणि मोठा झाला की नर होतो. तांबोशीचं असं काही नाही पण तिचं एक आहे, कांदळातली तांबोशी म्हणजे सगळी लहान वयातली. मोठी झाली की ती खाडी सोडून बाहेर समुद्रात खडपांवर जाते. म्हणजे खाडी तिची शाळा आहे.

दोनबांगडे
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. गरीवाला माणूस महिन्यात एक मोठा चोणक काढणार, तो पण नशिबाने. तिकडे बारीक आसाची (छिद्रांची) जाळी लावून बोटाएवढी पिल्लं रोज टोपलीने जातात, कुठे कुठे रात्री जिलेटीन उडवतात, नदीत विषारी पावडर टाकतात. स्फोटकं आणि विष घालून मासे मारायला या देशात १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे पण काठावर कोण बघायला असतं. त्यांना सोडून गरीवाल्याने मिळालेला मासा पाण्यात सोडायचा हे मला पटत नाही. घरी म्हातारी आई वाट बघत असते, तिला चोणकाचं डोकं आवडतं.

तिवरकाठ
@दोनबांगडे, राग कशाला. जिलेटीनचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, त्याने मासाच नाही तर तळाचं सगळं मरतं, आणि अर्धे मासे तर वर तरंगत पण नाहीत, खालीच कुजतात. २०२३ साली आपल्या सरकारने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान पकडायचे नाहीत म्हणून. नियम आहे, पण मासळी बाजारात सकाळी जाऊन बघा.

तरी मला वाटतं दोन्ही वेगळं आहे. दुसरा काय करतो ते माझ्या हातात नाही, माझ्या गरीला लागलेला मासा माझ्या हातात आहे. आईला डोकं हवं तर दोन किलोचा न्या, चवीला पण तोच बरा. दहा किलोचा जिताडा चवीला राकट लागतो हे आमच्याकडचा कोणीही सांगेल.

दोनबांगडे
दोन किलोचा मिळाला तर ना. मी मिळेल तो नेणार. पण जून-जुलैत गरी टाकत नाही, ते आमच्या घरात आधीपासून आहे. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, काठावरच्या गरीवाल्याला कोणी विचारत नाही, तरी आमचे वडील नारळी पौर्णिमेला नारळ घातल्याशिवाय गरी पाण्यात टाकत नव्हते आणि मी पण टाकत नाही.

केर्न्सवासी
मग तर विणीचे सगळ्यात महत्त्वाचे दिवस तुम्ही सोडताच की. इथे कायद्याने जे करून घेतात ते तुमच्या वडिलांनी नारळावर केलं.

सावंतीण
मी गरवत नाही पण नवरा आणि दोन्ही मुलं जातात म्हणून आईच्या नजरेने लिहिते. नवीन लोकांनी चार गोष्टी लक्षात ठेवा.

शेंगटी गरीवरून हाताने काढू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तो करवतीसारखा, घुसला की मागे निघताना फाडतो आणि ठणका रात्रभर. पक्कड वापरा. आणि एखाद्या शेंगटीचं तोंड फुगलेलं दिसलं तर ते उघडून बघा, आत गोटीएवढी अंडी असतात. तो नर असतो, मादीने घातलेली अंडी तोंडात धरून फिरतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. माझ्या धाकट्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून तो शेंगटी घरी आणू देत नाही.

उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. खाली वागळी (पाकट) बसलेली असते, पायाचा धक्का लागला की ती स्वतः निघून जाते, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. मारलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदना कमी होते, आणि सरळ दवाखाना, काट्याचा तुकडा आत राहतो.

केंड खायचा नाही. फुगतो, मुलांना मजा वाटते, पण त्याचं विष शिजवून जात नाही. मांजरालाही टाकू नका.

आणि देवबागच्या संगमावर वाळूचे पट्टे ओहोटीला उघडे पडतात, लोक चालत आत जातात आणि मासे लागायला लागले की मागे बघत नाहीत. पाणी पुढून येत नाही, पाठीमागच्या खोलगट भागातून आधी भरतं. परतीची वाट आधी बुडते. लाईफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी.

मांडवीतीर
सावंतीण ताईंचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

तुटलेल्या तंगुसाबद्दल पण लिहा कोणीतरी. मागच्या जानेवारीत एक बगळा कांदळाच्या फांदीला उलटा लटकलेला बघितला, पायाला आणि पंखाला लाईनचा गुंता. होडीतून जाऊन सोडवला पण पंख गेला होता. अडकलेली लाईन कापावी लागते हे मान्य, पण गुंता झालेली लाईन काठावर टाकून जाणारे बघितले की वाईट वाटतं. खिशात एक रिकामी बाटली ठेवा, त्यात भरत जा.

नवागत_कोथरूड
सगळं वाचून काढलं. मी कधीच गरवलेलं नाही, दिवाळीत मालवणला येतोय, मुलगा नऊ वर्षांचा आहे. कशापासून सुरुवात करू?

खारवारा
@नवागत_कोथरूड, मुडदुशीपासून. दुसरं काही नाही. वाळूचा किनारा, गुडघाभर पाणी, मुलाला हलका रॉड, सकाळची भरती. त्याच्या बोटावर लाईन ठेवा आणि टक् लागलं की सांग म्हणा. दहा मिळाल्या की पुरे, घरी आणून लगेच साफ करा, मीठ-हळद-तिखट-आगळ लावून रव्यात घोळून तळा. मधला काटा सरळ निघतो, मुलाला पण खाता येते. आणि जिथे गावातल्या कोणाची जाळी लावलेली असेल, पाण्यात रोवलेले खुंट दिसतील, तिथे गरी टाकू नका. आपला छंद आहे, त्यांचं पोट आहे त्यावर. आधी जाऊन विचारलंत तर तेच तुम्हाला चांगली जागा दाखवतील, मला सगळ्या जागा अशाच कळल्या.

खारवारा
मंडळी, धागा वर काढतोय, सांगण्यासारखं झालंय.

तिवरकाठ यांनी सांगितलं तशी काठी रोवून तीन दिवस पाणी बघितलं. आमच्या इथे तोंडापेक्षा पाऊण तासाच्या वर उशीर आहे, म्हणजे इतकी वर्षं मी पाणी सुकायला लागायच्या आधीच कंटाळून घरी जात होतो. पाणकावळा यांचं ऐकून अष्टमी धरली. आमच्या कुळागराच्या खाली एक व्हाळ खाडीला मिळतो, दोन्ही बाजूंना चिपी आणि कांदळ, तोंडाशी एका बाजूला खोल. पागाने (फेकायच्या जाळ्याने) थोडी सुंगटां धरून बादलीत जिवंत ठेवली होती. काका पण आले, त्यांना आता उभं राहवत नाही म्हणून खुर्ची नेली.

सातच्या सुमारास पाणी वळलं. आधी काहीच नाही. मग व्हाळातून पानं, फेस, काटक्या वाहत बाहेर यायला लागल्या आणि त्याच्या मागोमाग बारीक सुंगटांच्या उड्या दिसायला लागल्या, पाण्यावर पावसाचे थेंब पडावेत तशा. काका म्हणाले, आता टाक. खोल बाजूच्या कडेला टाकली आणि ती धारेबरोबर दोन वाव खाली गेली असेल नसेल, लाईन नुसती जड झाली. झटका मारला नाही, रील फिरवत राहिलो. मग तो निघाला. पहिल्यांदा मधल्या धारेकडे, मग उडी, अख्खा पाण्याबाहेर, डोकं हलवत, आणि काकांनी टॉर्च मारला तेव्हा डोळा पेटल्यासारखा दिसला. दोन वेळा कांदळाच्या मुळांकडे गेला, दोन्ही वेळा रॉड आडवा करून वळवला. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील, हात थरथरत होते.

मोजपट्टी लावली, ९२ सेंटीमीटर. पाठ हिरवट करडी, कल्ल्याखाली पितळेसारखी झाक. वजन केलं नाही, पाण्यातून जास्त वेळ बाहेर ठेवायचा नव्हता.

खरं सांगतो, मनात घर आलं. आई, बायको, शेजारी, सगळ्यांना पुरला असता, आणि बाजारात तर हजारोंनी गेला असता. काकांकडे बघितलं. त्यांनी आयुष्यभर एकही मासा परत सोडलेला नाही. त्यांना आधीच केर्न्सवासींचा प्रतिसाद वाचून दाखवला होता, तेव्हा ते काही बोलले नव्हते. आता त्यांनी विचारलं, "बाई ती?" मी म्हटलं, एवढी मोठी म्हणजे बहुतेक हो. म्हणाले, "मगे सोड."

गरी जबड्याच्या कोपऱ्यात होती, पकडीने लगेच निघाली. गुडघाभर पाण्यात उतरून तिचं तोंड धारेकडे करून धरली, एक हात शेपटीशी, एक पोटाखाली. आधी ती नुसती पडून होती. कल्ले उघडमीट करायला लागले, मग माझ्या मुठीत शेपटीचा जोर वाढत गेला आणि एका क्षणी ती निघाली, पाणी तोंडावर उडवून. काका खुर्चीतून टॉर्चचा झोत बराच वेळ त्या जागेवर धरून बसले होते.

@दोनबांगडे, तुमच्याशी वाद नाही. त्याच रात्री नंतर दीड किलोचा एक लागला, तो घरी नेला. डोकं काकांना दिलं.

दोनबांगडे
वाचलं. चांगलं केलंत. मी काय केलं असतं ते तेव्हाच कळेल.

पुढच्या नवमीला मी कोरजाईच्या बाजूला असेन, सुकतीला. येणार असाल तर सुंगटां तुम्ही आणा, आमच्याकडे पाग फाटलाय.

खारवारा
येतो. पाग पण घेऊन येतो, काका शिवून देतील तुमचा.